हवालदार, तुळसाला तुम्ही मारलं नाही

हवालदार, काल तुमचं बारावं झालं आणि पंगत बसायच्या आधी बागेचे व्यवस्थापक जगदाळे भाषणाला उभे राहिले. मी तुमच्या दारातल्या शेवग्याखाली सतरंजीवर बसलो होतो. जगदाळ्यांनी तुमच्या फोटोला हार घातला, टोपी सारखी केली आणि घसा खाकरून म्हणाले, "गणपतराव शिंगटे म्हणजे सरळ माणूस. फौजेतून आले आणि बागेतल्या जनावरांची सेवा केली. शेवटी शेवटी त्यांच्या हातून एक चूक झाली, मुकं जनावर जिवाला मुकलं. पण माणूस गेल्यावर ते उगाळत बसू नये. आपण सगळ्यांनी त्यांना मोठ्या मनानं माफ करू या."

लोकांनी माना डोलावल्या. तुमच्या मावसभावानं तर डोळे पुसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं अस्वल मारल्याचा आळ घालून तुम्हाला बागेतून हाकललं, तोच तुमच्या दारात उभा राहून तुम्हाला माफी देत होता, आणि ऐकणाऱ्या शंभर माणसांत एकालाही त्यात वावगं वाटलं नाही. मी उठलो. तुमच्या कुटुंबानं, आक्कांनी, हटकलं, "आवं डाक्टर, पंगत बसतीया की." मी म्हणालो, पोट बरं नाही.

आपल्या साप्ताहिकात मेलेल्या माणसावर लेख येतो त्यात जन्म, गाव, पलटण, मुलंबाळं असं सगळं ओळीनं असतं. ते मी लिहिणार नाही. मला तुमच्या नावावरचा डाग धुऊन काढायचाय आणि जगदाळ्यांना सोडायचं नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. आणखी एक माणूस आहे, त्यालाही सोडणार नाही. त्याच्याकडे येतोच.

तुमची माझी ओळख लिदीवरून झाली. मी नुकताच आपल्या गावच्या जनावरांच्या दवाखान्यात बदलून आलो होतो. सांगलीकडच्या माझ्या गावी म्हशी आणि बैल यांच्यापलीकडे फारसं जनावर मी पाहिलेलं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर समोर एक उंच, मिशाळ माणूस, पायांत फौजी बूट आणि हातात बामची रिकामी बाटली. बाटलीत पाणी, पाण्यात वेटोळं करून पडलेला पांढरा जंत. तुम्ही सलाम ठोकलात. "अस्वलाच्या लिदीत घावलाय. आसलं सात हुतं, बाकीचं पुरलं." फौजेत तुम्ही खेचरांच्या पलटणीत होतात, त्यामुळे मोर असो की अस्वल, तुमच्या लेखी सगळ्यांची लीदच. मला हसू आलं तर तुम्ही रागावलात. "हसू नगा. जनावर बोलत न्हाई, लीद बोलती. आमचा सलोतरी आदी लीद बगायचा, मंग खेचराचं तोंड." सलोतरी म्हणजे फौजेतला घोड्यांचा वैद्य, हेही मला तुम्हीच सांगितलंत.

त्या दिवशी तुम्ही मला बागेत नेलंत. नदीकडेची ती बाग, त्यात मोरांचा पिंजरा, दोन तरस, सशांची खुराडी आणि शेवटाला, चिंचेखाली, तुळसा. म्हातारी अस्वलीण, काळीकुट्ट, छातीवर आकड्यासारखा पांढरा पट्टा. ती एका दरवेशाची. तो गावच्या चावडीत तापानं गेला आणि मागे दोरीला बांधलेली ही उरली. सगळा गाव लांबून बघत होता. तुम्ही तेव्हा नुकतेच फौजेतून आलेले, पुढं होऊन दोरी हातात घेतलीत आणि तिच्या नाकातून ती कापून काढलीत. नाकाला पडलेलं भोक मात्र कधीच बुजलं नाही. ते सारखं चिघळायचं, आणि तुम्ही रोज सकाळी त्यावर गोडेतेलात कालवलेली हळद लावायचात.

पिंजरा झाडताना तुम्ही तिची लीद एका पत्र्यावर पसरायचात आणि काडीनं उलगडून बघायचात. पेपर वाचणाऱ्या माणसासारखे अगदी गढून जायचात. जंत दिसला की बाटली घेऊन माझ्याकडे. मी औषध काढायचो, आणि तुमची थट्टा सुरू. "तुमी जैन मानूस, पानी गाळून पिताय. जंतावर दया दावत बसाल आन हिकडं माझी म्हातारी मरंल." मी म्हणायचो, "हवालदार, पाप माझ्या माथी. तुम्ही फक्त तिचं तोंड उघडून धरा." तुम्ही तिच्या जबड्यात हात घालायचात. मला त्या जबड्याकडे बघून घाम फुटायचा आणि तुम्ही तिच्याशी सासरी निघालेल्या लेकीशी बोलावं तसं बोलत असायचात.

औषध दिलं की जंत पडायचे, आणि तीन-चार महिन्यांत पुन्हा हजर. पिंजऱ्याला जमीन मातीची. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि तुम्ही तबेल्यात शिकला होतात. उपाय साधा होता, खाली फरशी घालायची. तुम्ही जगदाळ्यांकडे अर्ज दिलात. फरशी आली, हवालदार, गाडी भरून आली. तिचं कारंजं झालं, कारण बाग चालवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष ती बघायला येणार होते. तुम्ही तेव्हा जगदाळ्यांना भर बागेत म्हणालात, "सायेब, कारंज्याला जंत व्हत न्हाईत." माळी हसले. जगदाळे हसले नाहीत. ते त्यांनी जन्मभर मनात ठेवलं असणार. त्या माणसाला जनावरांचं काही आठवत नव्हतं, पण स्वतःचा अपमान तो तारीखवार सांगू शकला असता.

आता हळदीचं सांगतो, कारण तिथंच घात झाला. आपल्याकडे नवी हळद निघाली की पहिली चिमूट देवाला लावतात. त्यातली एक चिमूट तुळसाच्या कपाळी लागायला लागली. अस्वल अंगावरून गेलं की पोर दचकायचं थांबतं, ही दरवेशांच्या वेळची समजूत. तुम्ही कुणाचं पोर तिच्या जवळ जाऊ दिलं नाहीत, पण आयांना रिकाम्या हातानंही पाठवलं नाहीत. तिच्या झडलेल्या केसांचा एक झुबका तुम्ही चिंध्यांत बांधून ठेवायचात आणि एकेकीला दोन-दोन केस द्यायचात. आया ते पोराच्या गळ्यातल्या ताईतात घालायच्या आणि जाताना गजातून हात घालून तुळसाला हळद लावायच्या. हंगामात तिचं थोबाड सगळं पिवळं. बघणाऱ्याला ते रोजचंच होतं, आणि मलाही.

दोन वर्षांपूर्वी, हंगाम ऐन भरात असताना, तुम्ही बाटली न घेता आलात. "डाक्टर, लीद पांडरी पडलीया. राखंवानी. आन मूत काळ्या च्यावानी." मी म्हणालो, खाण्यात काही फरक झाला असेल, दूध कमी करा. तीन दिवसांनी मी बागेत गेलो. तुम्ही तिचा ओठ वर केलात. हिरड्या पिवळ्या होत्या, डोळ्यांचे कोपरे पिवळे होते. आणि मी, सरकारी पदवी घेतलेला डॉक्टर, हसून काय म्हणालो? "हळद लावून लावून नवरी केलीत हिला!"

तुम्ही हसला नाहीत. "म्या सकाळीच तोंड धुतलंय तिचं. ही हळद न्हाई, डाक्टर. आतनं पिवळी झालीया."

"डॉक्टर कोण, हवालदार? तुम्ही का मी?"

हे वाक्य मी तुम्हाला म्हणालो. तुम्ही ओठ खाली सोडलात आणि तिचं तोंड फडक्यानं पुसत राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही यष्टीनं सातारला गेलात, तुमच्या पलटणीतला तो सलोतरी रिटायर होऊन तिथं राहतो म्हणून. परत आलात ते थेट माझ्याकडे. "त्यो म्हनला, लिदीचा रंग पित्तानं येतो. पित्ताची वाट कुटंतरी तुंबलीया. मुंबईचा मोटा डाक्टर बोलवा म्हनला." त्यानं न बघता ओळखलं होतं. मी बघून ओळखलं नव्हतं. मला राग आला तो त्याचाच. मी म्हणालो, "मग बोलवा की तुमच्या सलोतऱ्यालाच."

तरी तुम्ही तोंड फिरवलं नाहीत. तिच्या लिदीत पुन्हा जंत दिसायला लागले होते आणि दवाखान्यात जंताचं औषध संपलं होतं. तुम्ही विचारलंत, "तवर पळसपापडी गुळातनं देऊ का? खेचराला द्यायचो आमी." मी म्हणालो, "द्या, काही बिघडत नाही." हे मी म्हणालो होतो, माझ्या टेबलाशी बसून, शुद्धीत. कंपाउंडरनंही ऐकलं. तुम्ही मुंबईचा डॉक्टर आणावा म्हणून जगदाळ्यांना अर्ज दिलात, आठ दिवसांनी दुसरा दिलात. जगदाळे म्हणाले, म्हातारं अस्वल आहे, आज ना उद्या जायचंच.

तुळसा मंगळवारी सकाळी गेली. दुपारपर्यंत सगळा बाजार बागेत लोटला. ज्यांच्या पोरांच्या गळ्यात तिचे केस होते त्या बाया हंबरडा फोडत होत्या. कुणीतरी ओरडलं, "औषध काय घातलंय इचारा!" कारंज्यावर धोंडे पडले. अडीचच्या सुमाराला जगदाळे माझ्या दवाखान्यात आले, खुर्ची ओढून बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "लोक खवळलेत, डॉक्टर. उद्या कुणीतरी म्हणणार, अस्वलाला कावीळ होती, तर डॉक्टरला कळली कशी नाही? मग तुमचं काय? हवालदारानं झाडपाला घातलाय, हे तर खरं ना? तेवढंच लिहा. खोटं लिहा असं मी म्हणत नाही."

आणि मी लिहिलं. तुळसाला हातही लावायच्या आधी लिहिलं. "पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून गावठी औषध दिल्याने अस्वलाचा मृत्यू झाला असावा." खाली सही केली, शिक्का मारला. जगदाळ्यांनी शाई वाळू दिली, कागदाची घडी केली आणि गेले.

हा तो दुसरा माणूस, हवालदार. जगदाळ्यांच्या आधी मी याचं नाव सांगायला हवं होतं. पण वरची दोन पानं मी जगदाळ्यांनाच शिव्या देत राहिलो.

संध्याकाळ व्हायच्या आत आपण चिंचेखाली तिला उघडलं. मी नको म्हणत होतो तरी तुम्ही तिथून हलला नाहीत. तिचा पंजा तुम्ही धरून ठेवला होतात. आत चरबी पिवळी, पडदे पिवळे, यकृत फुगून हिरवट. पित्ताच्या पिशवीशी कवठाएवढी कडक गाठ, तिची मुळं यकृतात शिरलेली. मी पुस्तकात वाचलेला कर्करोग तेव्हा पहिल्यांदा हातात घेतला. पित्ताची वाट त्या गाठीनं चिरडली होती आणि तेवढ्याशा नळीत तीन जंत एकमेकांत पीळ घालून बसले होते. आतडं उघडलं तर जवळजवळ स्वच्छ. तुमच्या पळसपापडीनं तिथले जंत पडले होते. पित्ताच्या नळीत घुसलेल्यांपर्यंत कुठलंच औषध पोचलं नसतं, आणि त्या गाठीला मुंबईलाही इलाज नव्हता.

तुम्ही त्या नळीवर वाकलात. म्हणालात, "ह्या जंतांनीच गाठ केली."

मी म्हणालो, "वयानं होते गाठ. जंत नंतर शिरले असतील."

"वरीसन् वरीस एकाच जाग्यावर खाजवलं तर घट्टा पडतो का न्हाई? तसंच हाय हे. फरशी घातली आसती तर ही वाचली आसती."

यावर आपण कितीदा भांडलो असू. मी अजून नक्की सांगू शकत नाही. काही जंतांमुळे माणसाच्या यकृतात अशी गाठ होते, असं परदेशातल्या डॉक्टरांचं म्हणणं नंतर माझ्या वाचनात आलं. तुमच्या तोंडावर ते कबूल करायचं राहिलं. तुम्ही बहुतेक बरोबर होतात.

मी उठलो तेव्हा तुम्ही माझ्या हातावर तांब्यानं पाणी घातलंत. "हे समदं लिवा हां, डाक्टर." मी म्हणालो, "लिहितो." आणि लिहिलंही, चार पानं, त्याच दिवशी. गाठ, नळी, जंत, स्वच्छ आतडं, पळसपापडीचा मृत्यूशी संबंध नाही, सगळं. ते जगदाळ्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं आणि खणात ठेवलं. "एक कागद पुरे, डॉक्टर. तो फळ्यावर लागलासुद्धा." बागेच्या दारातल्या फळ्यावर माझी ओळ खडूनं लिहिली होती. त्यात मी हुशारीनं घातलेला "असावा" नव्हता, मृत्यू सरळ "झाला" होता. मी ती ओळ वाचली, सायकल वळवली आणि घरी गेलो.

तुमची नोकरी गेली हे एक वेळ सोसवलं असतं. पण ज्या बाया तुमच्यासमोर पदर पसरायच्या त्याच रस्त्यात थुंकायला लागल्या. ताईत काढून तुमच्या दारात टाकले. बाजारात तुम्हाला अस्वलमाऱ्या म्हणत. त्या बायांनाही मी विसरलेलो नाही, हवालदार. काल पंगतीला त्याही तुमच्याच घरची बुंदी खायला आल्या होत्या. सगळ्यांची नावं मला माहीत आहेत, कारण त्यांच्या म्हशी माझ्याकडेच येतात. ती इथं लिहीत नाही. पण हे छापून आल्यावर त्या दवाखान्यात येतील, तेव्हा म्हशीला औषध देईन आणि बाईला हे वाचून दाखवीन.

आणि मी कसा वागलो? दर गुरुवारी, बाजारच्या दिवशी, तुम्ही माझ्या दवाखान्यात येत राहिलात. बाहेरच्या बाकावर बसायचात. चहा व्हायचा. पाऊसपाणी, ऊस, फलटणला नातवाला लागलेली साखर कारखान्यातली नोकरी, खेचरांच्या गोष्टी. मध्येच तुम्ही गप्प होऊन माझ्या तोंडाकडे बघायचात. मला वाटायचं, तुळसाची आठवण येत असेल. मी घाईनं दुसरा विषय काढायचो. मनात म्हणायचो, माझ्या त्या पहिल्या कागदाचं यांना ठाऊक नाही. फळ्यावर नाव नव्हतं, सही नव्हती. जगदाळ्यांनीच काहीतरी लिहिलं असं हे समजताहेत, समजू देत. दोन वर्षं मी तुमचा मित्र म्हणून मिरवलो.

काल रात्री डोळा लागला नाही. आज सकाळी बाग उघडताच मी जगदाळ्यांच्या खोलीत गेलो. म्हणालो, "माझा शवविच्छेदनाचा अहवाल द्या. साप्ताहिकात छापायचाय. हवालदारांनी अस्वल मारलं नाही, हे गावाला कळलं पाहिजे."

त्यांनी खण उघडला. दोन्ही कागद एकाच फायलीत होते, नीट लावून. ते माझ्यापुढं ठेवून जगदाळे मागे टेकले. "न्या की. दोन्ही न्या. दोन्हींवर सही तुमचीच आहे. अडीच वाजता अस्वल औषधानं मेलं आणि सहा वाजता गाठीनं मेलं. एकाच दिवसात दोनदा मेलं म्हणा." मग हसून म्हणाले, "आणि मी काय केलं? डॉक्टरनं लिहून दिलं त्यावर कारवाई केली. डॉक्टर बोलवायचा अर्ज? कुठला अर्ज? माझ्याकडं काही आलं नाही. जाऊ द्या, डॉक्टर. काल मी जाहीर माफ केलंय त्यांना. आता तुम्हीही झोपा शांत."

त्या हसण्यावर मी टेबलावरची दौत फेकली असती. पण माणूस पक्का होता. अर्ज त्यानं फाडले असणार, आणि त्यानं सांगितलेलं बाकीचं खरंच होतं. मी दोन्ही कागद उचलले आणि तुमच्या घरी आलो.

आक्का पाटावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी विचारलं, हवालदारांचे काही कागद आहेत का? त्यांनी आतून तुमची पत्र्याची काळी पेटी ओढून आणली. तुमची फौजेतली शिस्त मला माहीत होती, पण एवढी असेल असं वाटलं नव्हतं. एकूण एक अर्जाची कार्बनची नक्कल, थोरल्या लेकीच्या अक्षरात. आणि प्रत्येक नकलेच्या कोपऱ्यात "पोच मिळाली", तारीख आणि जगदाळ्यांची सही. फरशीचा अर्ज होता. मुंबईच्या डॉक्टरचे दोन होते. दुसऱ्यावर तर जगदाळ्यांनी आपल्या हातानं शेरा मारलाय, "अनावश्यक, दप्तरी ठेवणे." हवालदार, मी तिथं जमिनीवर मांडी घालून बसलो आणि आनंदानं ओरडायचा बाकी राहिलो. आता तो माणूस सापडला. "माझ्याकडं काही आलं नाही" हे त्यानं आता गावासमोर म्हणून दाखवावं. हे शेरे मी जसेच्या तसे छापणार, सहीसकट. त्याची पांढरी टोपी बाजारात कुणी ओळखणार नाही अशी सोय करणार. मला दया येत नाही आणि मी ती आणणारही नाही.

मग पेटीच्या तळाशी, तुमच्या फौजेच्या पुस्तकाखाली, एक घडी केलेला कागद दिसला. मी तो उघडला. "पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून." जगदाळ्यांच्या कचेरीत टंकलेली नक्कल, आणि खाली माझं नाव, हुद्दा, सगळं.

आक्का सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "कामावरनं काडलं त्या दिशीच सायबानं हातात दिला त्यो. थोरलीनं वाचून दावला."

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं? दोन वर्षं?"

"व्हय की."

"मग मला बोलले का नाहीत? मारलं का नाही मला? दर गुरुवारी येऊन चहा पीत होते माझा!"

आक्कांनी सूप खाली ठेवलं. "म्या बी इचारलं. दर बेस्तरवारी निगालं की इचारायची, कशापायी जाताय त्या मानसाकडं? तर म्हनायचं, डाक्टर वाईट न्हाई, भ्यालाय. आज न्हाई तर पुडल्या बाजारी सोताहून सांगंल. त्येला सांगायला जागा तर पायजे."

हवालदार, तुम्ही तिथं बसून माझी वाट बघत होतात. शंभरेक गुरुवार. आणि मी तुम्हाला उसाचा भाव विचारत होतो. मला तुमचा राग येतो, खरंच सांगतो. तुम्ही बाकावरून उठून माझी गचांडी धरायला हवी होती. शिव्या द्यायच्या. माझ्या तोंडावर तो कागद फेकायचा. मग मी कदाचित त्या दिवशीच फळ्याशी गेलो असतो, तुम्ही जिवंत असताना, तुमच्यादेखत. तुम्ही माझा सूडही घेतला नाहीत आणि मला शिक्षाही केली नाहीत. जगदाळ्यांवर दात खाऊन मी स्वतःला वाचवत होतो, हे तुम्हाला दिसत असणार, आणि तरी तुम्ही म्हणायचात, "बरं हाय, डाक्टर, येतो."

मी रडलो. आक्का रडल्या नाहीत. मी म्हणालो, "आक्का, हे सगळं छापतो. अर्ज, शेरे, अहवाल. जगदाळ्यांना या गावात तोंड वर करू देणार नाही."

"छापा," त्या म्हणाल्या. "सायबाला सोडूच नगा. म्या बी वाट बगत हुते ह्येचीच." मग तो घडीचा कागद माझ्या मांडीवरून उचलून त्यांनी माझ्या हातात दिला. "पन पयलं ह्यो छापा. त्येच्या खाली सायबाचं. न्हाईतर तुमच्यात आन त्येच्यात काय फरक ऱ्हायला? आन तुमचं माफीबिफीचं काय लिवू नगा. म्या न्हाई केलेली."

छापखान्यात हे कागद उद्या सकाळी देतोय, त्याच क्रमानं. सगळ्यांत वर माझी ही ओळ जाईल, ठळक टायपात: मी, डॉक्टर नेमगोंडा आप्पा पाटील, तुळसा अस्वलाला औषध द्या असं हवालदार गणपत शिंगटे यांना मीच सांगितलं होतं, आणि सांगितलं नव्हतं असं खोटं लिहून दिलं.